परक्या चुलीवरचा नायजेरिया : स्थलांतर, घरगुती स्वयंपाक आणि एका राष्ट्रीय पाकपरंपरेची घडण

प्रस्तावना

इतिहासलेखनात अन्नाला जागा मिळाली ती प्रामुख्याने दुष्काळ, शेतसारा आणि व्यापार यांच्या निमित्ताने. शिजलेले अन्न, ते शिजवणारी व्यक्ती आणि ते खाणारा समुदाय हा विषय दीर्घकाळ पाकपुस्तकांवर सोपवून इतिहासकार मोकळे झाले होते. या उपेक्षेला छेद देणारा एक महत्त्वाचा निबंध अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्ये लिहिला. स्वातंत्र्योत्तर भारतातील इंग्रजी पाकपुस्तके समोर ठेवून त्यांनी असे दाखवले की, 'भारतीय जेवण' ही कल्पना कोणा राजाच्या मुदपाकखान्यात जन्मली नाही. निरनिराळ्या प्रांतांतून शहरात आलेल्या मध्यमवर्गीय स्त्रियांनी एकमेकींच्या पाककृती उतरवून घेतल्या, त्यांतून ती आकाराला आली. शेजारीण तमिळ, वरच्या मजल्यावरची पंजाबी आणि आपण कोकणातल्या, अशी परिस्थिती असल्याशिवाय आपले जेवण हे 'कोकणी' आहे याचेही भान येत नाही.

हाच प्रश्न पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियाच्या संदर्भात विचारला तर उत्तर थोडे वेगळे येते. १९१४ मध्ये ब्रिटिशांनी उत्तर व दक्षिण हे दोन वसाहती प्रदेश जोडून नायजेरिया निर्माण केला. अडीचशेहून अधिक वांशिक गट आणि पाचशेहून अधिक भाषा असलेल्या या भूभागात 'नायजेरियन जेवण' असे काही तेव्हा अस्तित्वात नव्हते. होती ती योरुबा, इग्बो, हौसा, एफिक यांची आणि इतर अनेकांची आपापली जेवणे. ही जेवणे एका ताटात आली ती लागोससारख्या शहरात, हे खरेच. पण ती एका नावाखाली आली, त्यांचे वर्णन करण्याची आणि त्यांची बाजू मांडण्याची गरज निर्माण झाली ती बऱ्याच अंशी देशाबाहेर, विशेषतः लंडनमध्ये. परदेशात राहून घरच्या चवीचे रांधणारी, ते इतरांना वाढणारी आणि समजावून सांगणारी व्यक्ती या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. ती बहुधा स्त्री असते आणि कागदपत्रांत तिचे नाव बहुधा सापडत नाही. तिच्या कामाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एका देशातील अनेक चुली

मराठी वाचकासाठी या जेवणाची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. नायजेरियातील मुख्य जेवणाची रचना बहुतेक भागांत सारखी आहे. एक मऊ, घट्ट, उकडीसारखा मुटका आणि त्याबरोबर एक दाट कालवण. मुटक्याचा लहानसा घास उजव्या हाताने तोडायचा, बोटांनी त्याला खळगा करायचा, कालवणात बुडवायचा आणि फारसे न चावता गिळायचा. नायजेरियन इंग्रजीत या सगळ्या मुटक्यांना मिळून 'स्वॉलो', म्हणजे गिळण्याची वस्तू, असेच नाव आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील नाचणीचा मुद्दा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. कालवणाला तेथे 'सूप' म्हणतात. परंतु हॉटेलातील पातळ सूपाशी त्याचा काहीही संबंध नाही.

मुटका कशाचा, यावरून प्रदेश ओळखता येतो. उत्तरेकडील हौसा घरांत ज्वारी, बाजरी किंवा तांदळाचा 'तुवो' असतो. दक्षिणेत याम हा कंद राजा. आपल्याकडील कोनफळ त्याच कुळातले. याम उकडून उखळात कुटला की पांढराशुभ्र, चिवट मुटका तयार होतो. वाळवून दळला तर योरुबांचा तपकिरी 'अमाला' होतो. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत पुरुषाची प्रतिष्ठा यामच्या कोठारावरून मोजली जाते, ती उगीच नव्हे. कालवणांत एगुसी (कलिंगडाच्या कुळातील फळाच्या, मगजासारख्या दिसणाऱ्या बिया), ओग्बोनोच्या बियांची बुळबुळीत पूड, कडू पाला, सुकवलेले मासे, लाल पाम तेल आणि आंबवलेल्या बियांचा उग्र मसाला असे जिन्नस येतात. या मसाल्याला योरुबा 'इरू' म्हणतात, हौसा 'दावादावा'.

ही परंपरा शुद्ध, बंदिस्त अशी कधीच नव्हती. मिरची, टोमॅटो, मका आणि कसावा हे सर्व अमेरिका खंडातून आले. कसाव्यातील विषारी अंश काढून टाकण्यासाठी तो किसून, आंबवून, दाबून, चाळून कढईत भाजतात. त्या रवाळ पदार्थाला 'गारी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधील गुलामगिरीतून सुटून लागोसला परतलेल्या कुटुंबांनी गारी करण्याची ही रीत रुळवण्यात मोठा हातभार लावला. याच कुटुंबांत गुड फ्रायडेला नारळाच्या दुधात शिजवलेल्या चवळीचा 'फ्रेजोन' करण्याची प्रथा आहे; त्याचे नाव पोर्तुगीज भाषेतून आले. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणारे महाराष्ट्रीय घरही याच अमेरिकी कंदावर चालते, हे सहसा लक्षात येत नाही. उलट दिशेचा प्रवास त्याहून जुना आहे. बाजरी आणि चवळी ही दोन्ही पिके मूळची पश्चिम आफ्रिकेतील असून प्राचीन काळीच ती भारतात पोहोचली.

जॉलोफ भातात पडणारी करी पावडर हे वसाहतीच्या इतिहासाचे आणखी एक चिन्ह. ती थेट भारतातून नायजेरियात गेली नाही. ब्रिटिशांनी भारतीय मसाल्यांवरून बेतलेली ती पूड डब्यांत भरून साम्राज्यभर विकली गेली आणि लागोसच्या स्वयंपाकघरात थाइमच्या वाळलेल्या पानांशेजारी जाऊन बसली. मराठी स्वयंपाकिणीला तिचा वास ओळखीचा वाटेल, चव मात्र नाही. मॅगीचेही तसेच. आपल्याकडे त्या नावाने शेवया समजल्या जातात; नायजेरियात ते चवीच्या चौकोनी वड्यांचे नाव आहे.

नरमांसाचा आरोप आणि वसतिगृहाचे स्वयंपाकघर

नायजेरियन माणूस काय खातो, हा प्रश्न लंडनमध्ये प्रथम गाजला तो अत्यंत अपमानास्पद रीतीने. १९२४ मध्ये वेम्बली येथे ब्रिटिश साम्राज्याचे भव्य प्रदर्शन भरले. त्या सुमारास लंडनच्या 'इव्हनिंग न्यूज' या वृत्तपत्राने नायजेरियात अलीकडेपर्यंत नरमांसभक्षण व जादूटोणा चालत असल्याचा मजकूर छापला. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेणारे योरुबा तरुण लादिपो सोलांके यांनी त्याचा लेखी निषेध केला. या निषेधामुळे मार्कस गार्वी यांच्या प्रथम पत्नी एमी ॲशवूड गार्वी यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि दोघांच्या पुढाकाराने त्याच वर्षी 'नायजेरियन प्रोग्रेस युनियन' स्थापन झाली. पुढील वर्षी, १९२५ मध्ये, सोलांके आणि सिएरा लिओनचे हर्बर्ट बँकोल-ब्राइट यांनी 'वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियन' उभारली. पश्चिम आफ्रिकेच्या स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासात या संघटनेचे स्थान सर्वमान्य आहे. तिच्या मुळाशी असलेल्या अनेक कारणांपैकी एक कारण जेवणाविषयीची बदनामी हे होते, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

संघटनेपुढचा रोजचा प्रश्न राहण्या-जेवण्याचा होता. काळ्या विद्यार्थ्याला खोली नाकारणे ही त्या काळच्या लंडनमधील सर्रास गोष्ट होती. स्वतःचे वसतिगृह हवे म्हणून सोलांके १९२९ मध्ये निधी गोळा करण्यासाठी पश्चिम आफ्रिकेत गेले आणि १९३२ मध्ये परतले. १९३३ मध्ये ६२, कॅम्डन रोड येथे वसतिगृह सुरू झाले. त्याची व्यवस्था सोलांके यांच्या पत्नी ओपेओलू यांनी सांभाळली. येथे जॉलोफ भात आणि शेंगदाण्याचे कालवण यांसारखे पश्चिम आफ्रिकी पदार्थ मिळत.

श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेट येथे उघडलेले 'इंडिया हाउस' मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. सावरकर तेथेच राहत होते. परक्या राजधानीत गुलाम देशाच्या विद्यार्थ्यांसाठी छप्पर, जेवण आणि राजकारण एकत्र असलेली वास्तू हा प्रकार वसाहतींच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. कॅम्डन रोडच्या वास्तूचे वेगळेपण असे की, तेथे नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गॅम्बिया या चार वसाहतींचे विद्यार्थी एका पंगतीला बसत. इग्बो विद्यार्थ्यापुढे योरुबा घरातील स्त्रीच्या देखरेखीखाली शिजलेले अन्न येई. मायदेशी अशी पंगत सहज जमली नसती. हौसा, योरुबा, इग्बो या ओळखींच्या वर 'आपले जेवण' अशी आणखी एक ओळख येथे चिकटू लागली, असे म्हणता येते.

ओपेओलू सोलांके यांच्या कामाची जागा इतिहासाने निश्चित केलेली नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातील क्लेमंट ॲटली यांनी या विद्यार्थ्यांपुढे बोलताना अटलांटिक सनदेची तत्त्वे सर्व वंशांना लागू असल्याचे सांगितले. त्या भाषणाचा उल्लेख प्रत्येक राजकीय इतिहासात येतो. युद्धकाळात अन्नाचे रेशनिंग होते; ते १९४० मध्ये सुरू झाले आणि १९५४ पर्यंत पूर्णपणे उठले नाही. त्या टंचाईत या घराची चूल पेटती ठेवणे हेही राजकीय कार्यच होते. संघटनेच्या ठरावांइतके ते महत्त्वाचे मानले पाहिजे.

सामाईक स्वयंपाकघर

१ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला आणि उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्यांची संख्या वाढली. आता एकटे विद्यार्थीच नव्हे, तर जोडपीही जाऊ लागली. कादंबरीकार बुची एमेचेटा १९६०च्या दशकाच्या आरंभी पतीपाठोपाठ लंडनला गेल्या. 'सेकंड-क्लास सिटिझन' (१९७४) या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत घर शोधतानाचे अपमान तपशिलाने आले आहेत. घरभाड्यातील वर्णभेद बेकायदेशीर ठरला तो १९६८ च्या वंशसंबंधविषयक कायद्याने. तोवर जी खोली मिळे ती घ्यावी लागे आणि स्वयंपाकघर बहुधा इतर भाडेकरूंबरोबर सामाईक असे.

सामाईक स्वयंपाकघरात इरूचा वास लपत नाही. मुंबईच्या इमारतींत सुकट-बोंबलाच्या वासावरून होणारी भांडणे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या परिस्थितीची कल्पना सहज येईल. फरक एवढाच की, तेथे तक्रार करणाऱ्याच्या हाती घराची किल्ली होती आणि वर्णाचे बळही. अशा घरात इरू न घालता एगुसी करणे ही चवीतली तडजोड राहत नाही. तो राहण्याच्या हक्काचा हिशेब होतो.

दुसरी अडचण जिन्नसांची. पाम तेलाचा इतिहास येथे विशेष बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेशातून हे तेल जहाजे भरभरून लिव्हरपूलला जात होते. त्या व्यापारापायी त्या भागाला 'ऑइल रिव्हर्स' असेच नाव पडले होते. ब्रिटनने त्या तेलाचे साबण केले, मेणबत्त्या केल्या, यंत्रांना वंगण दिले. लाखो ब्रिटिश घरांत ते पोहोचले होते, पण भांड्यात नव्हे, मोरीत. त्याच देशात कालवणासाठी वाटीभर पाम तेल हवे असलेल्या स्त्रीला मायदेशाहून येणाऱ्या कोणाच्या तरी सामानावर डोळा ठेवावा लागे.

त्यातून पर्यायांचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. याम कुटण्याऐवजी तांदळाचे पीठ, रवा किंवा बटाट्याची पूड गरम पाण्यात घोटून मुटका करायचा. उगू या भोपळ्याच्या जातीतील वेलीच्या पाल्याऐवजी पालक घालायचा, पण पालकाला पाणी फार सुटते म्हणून तो आधी पिळून घ्यायचा. शेंगदाणे कुटण्याऐवजी पीनट बटरची बाटली उघडायची. मोई मोई हा पदार्थ भिजवून साल काढलेल्या चवळीच्या वाटणात मिरची, कांदा, तेल घालून उकडतात. मायदेशी तो रुंद हिरव्या पानांत बांधला जातो आणि त्या पानाचा वास त्यात उतरतो. परदेशात पान नाही, म्हणून रिकामे डबे, वाट्या, पुढे ॲल्युमिनियमचा कागद. कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या करणाऱ्या घराला सांगावे लागणार नाही की, पान गेले की पदार्थ तोच राहूनही अर्धा जातो.

या पर्यायांना 'भेसळ' म्हणण्याची प्रवृत्ती असते आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. वर पाहिल्याप्रमाणे कसावा आणि टोमॅटो हेही एके काळी परकेच होते. वाळवलेल्या कॉड माशाचे उदाहरण तर याहून सांगण्यासारखे आहे. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर थंड वाऱ्यात मिठाविना सुकवलेला हा मासा इग्बो कालवणांत इतका मुरला आहे की, त्याला 'ओक्पोरोको' हे खास इग्बो नाव आहे. व्यापारातून तो आधीपासून येत होता. १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्राच्या युद्धात, उपासमारीच्या दिवसांत, मदत म्हणून आलेल्या अन्नातही तो होता. उत्तर ध्रुवाजवळचा मासा जर इग्बो आजीच्या हातचा पदार्थ होऊ शकतो, तर लंडनमधील पालकाला नाकारण्याचे कारण उरत नाही.

तथापि, या काळाची एक दुखरी बाजूही नोंदवली पाहिजे. शिक्षण आणि नोकरी एकाच वेळी करणारी अनेक नायजेरियन जोडपी १९५०च्या दशकापासून आपली लहान मुले खाजगी व्यवस्थेने गोऱ्या इंग्रज कुटुंबांकडे सांभाळायला देत. त्यासाठी नियतकालिकांत जाहिराती दिल्या जात. अशी हजारो मुले आयुष्याची पहिली वर्षे आईच्या हातच्या जेवणावाचून वाढली आणि नंतर एके दिवशी परत आणली गेली. अभिनेते अदेवाले अकिनुओये-अगबाजे यांनी स्वतःच्या अशा बालपणावर २०१८ मध्ये 'फार्मिंग' हा चित्रपट केला. परदेशातील नायजेरियन चूल सर्व काळ आणि सर्वांसाठी पेटती होती, असे समजणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरेल. आई असूनही ज्यांना ती चव मिळाली नाही अशी एक पिढी या इतिहासात आहे, आणि पुढच्या काळात पाककृती लिहून ठेवण्याची जी ओढ दिसते तिचा उगम काही प्रमाणात या तुटलेपणात असावा.

चिमूट, वाटी आणि छापील पान

पाककृती लिहिण्याचा आरंभ मात्र मायदेशी, मिशनच्या शाळांच्या परिसरात झाला. 'कुडेटी बुक ऑफ योरुबा कुकरी' हे जे. ए. मार्स आणि ई. एम. तुलेयो यांचे छोटेखानी पुस्तक १९३४ मध्ये लागोसच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या ग्रंथभांडाराने प्रसिद्ध केले. कुडेटी हे इबादान शहरातील मिशनच्या मुलींच्या शाळेचे ठिकाण. पुस्तकाच्या नावात 'योरुबा' आहे, 'नायजेरियन' नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यानंतर १९५७ मध्ये आर. ओमोसुनलोला विल्यम्स यांचे 'मिस विल्यम्स कुकरी बुक' लंडनहून निघाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील नायजेरियन गृहिणीसाठी लिहिलेले पुस्तक लंडनमध्ये छापले जावे, हा केवळ मुद्रणव्यवसायाचा योगायोग नव्हे. वसाहतीचे ज्ञान राजधानीत जाऊन प्रमाणित होऊन परत येण्याची ती रूढ वाट होती.

मराठीतही 'सूपशास्त्र' (१८७५) पासून लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' (१९१०) पर्यंत आणि पुढे कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) पर्यंत असाच क्रम दिसतो. 'रुचिरा'तील वाटी-चमच्याच्या मापांनी सासू-आईपासून दूर गेलेल्या मुलींना आधार दिला. नायजेरियन स्त्रीचा पेच नेमका हाच होता. आईने 'अंदाजाने' घातलेले मीठ पत्रातून पाठवता येत नाही. एगुसीची पूड तेलात कधी सोडायची, ती केव्हा 'फुटते', जॉलोफचा भात भांड्याच्या तळाला किती लागू द्यायचा (समारंभाच्या जॉलोफला लाकडाच्या धुराचा वास हवाच असतो), हे हाताने शिकायचे ज्ञान शब्दांत उतरवावे लागले ते अंतरामुळे. शेजारी उभे राहून पाहण्याची सोय असती तर कोणी लिहिलेच नसते.

तेलाच्या पैशावर १९७०च्या दशकात नायजेरियात आयात तांदूळ आणि गव्हाचा सुळसुळाट झाला. लेखिका फ्लोरा न्वापा यांनी १९८६ मध्ये 'कसावा साँग अँड राइस साँग' हे काव्य प्रसिद्ध करून आयात भाताच्या मोहावर बोट ठेवले आणि उपेक्षित कसाव्याला मातेचे स्थान दिले. त्याच वर्षी देशात संरचनात्मक समायोजनाचा आर्थिक कार्यक्रम सुरू झाला, नायरा या चलनाची किंमत घसरली आणि शिकलेल्या मध्यमवर्गाने मोठ्या प्रमाणावर ब्रिटन व अमेरिकेची वाट धरली. परत येण्यासाठी गेलेले विद्यार्थी आणि राहण्यासाठी गेलेली कुटुंबे यांत फरक असतो. दक्षिण लंडनमधील पेकम भागात राय लेन या रस्त्यावर याम, सुके मासे, पाम तेल आणि स्कॉच बॉनेट मिरच्या उघड्यावर मांडलेली दुकाने दिसू लागली. या भागाला 'लिटल लागोस' असे टोपणनाव मिळाले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये नायजेरियात जन्मलेल्यांची संख्या सुमारे २ लाख ७० हजार भरली. वाटीभर तेलासाठी कोणाच्या सामानाची वाट पाहण्याचे दिवस संपले होते.

नाव कोणाचे

जिन्नस मिळू लागले तसा प्रश्न बदलला. आता वाद सुरू झाला तो अधिकाराचा. २०१४ मध्ये ब्रिटिश पाकतज्ज्ञ जेमी ऑलिव्हर यांनी जॉलोफची स्वतःची पाककृती दिली. तीत देठासह छोटे टोमॅटो, कोथिंबीर, पार्सली आणि लिंबाच्या फोडी होत्या. पश्चिम आफ्रिकी लोकांनी, विशेषतः परदेशस्थ नायजेरियन आणि घानाच्या लोकांनी, तिच्यावर टीकेची झोड उठवली. वरवर पाहता हा चेष्टेचा विषय. पण १९२४ चे प्रकरण लक्षात घेतले तर या संतापाचे मूळ दिसते. ज्या जेवणाची एके काळी बदनामी झाली, ज्याच्या वासासाठी घर नाकारले गेले, त्याला प्रतिष्ठा मिळताच ते समजावून सांगण्याचे काम दुसऱ्याने हाती घ्यावे, हे सहन होण्यासारखे नव्हते. गंमत अशी की, जॉलोफ हा शब्दच सेनेगलमधील वोलोफ लोकांच्या राज्याच्या नावावरून आला आहे. तेथील 'चेबू जेन' या मासे-भाताच्या पदार्थाला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. नायजेरियन व घानाचे लोक 'खरा जॉलोफ कोणाचा' म्हणून भांडत राहिले आणि मान सेनेगलला गेला.

या काळात लिहिणाऱ्या स्त्रिया पूर्वीच्या पाकपुस्तककर्त्यांहून निराळ्या आहेत. व्यवसायाने भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या ओझोझ सोको २००९ मध्ये नेदरलंड्समध्ये राहत असताना नायजेरियन अन्नाविषयी लिहू लागल्या. त्यांचा भर पाककृतीइतकाच तिच्या इतिहासावर राहिला. पुढे कॅनडात स्थायिक झाल्यावर २०२५ मध्ये त्यांचे 'चॉप चॉप' हे पुस्तक आले. नायजेरियन पिजिन भाषेत 'चॉप' म्हणजे खाणे. येवांडे कोमोलाफे बर्लिनमध्ये जन्मल्या, लागोसमध्ये वाढल्या आणि शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या. कागदपत्रांच्या अडचणीमुळे त्यांना बरीच वर्षे लागोसला परतता आले नाही. २०१९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी त्यांनी दहा अत्यावश्यक नायजेरियन पाककृती निवडल्या आणि २०२३ मध्ये 'माय एव्हरीडे लागोस' हे पुस्तक लिहिले. दहाच पाककृतींत एक देश बसवायचा, तर कोणत्या प्रदेशाचे काय घ्यायचे, हा निर्णय राजकीयच असतो. १९३३ च्या वसतिगृहात तो नकळत घेतला जात होता. आता तो सही करून घ्यावा लागतो.

अदेजोके बकारे यांचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. उत्तरेकडील कडुना शहरात त्या वाढल्या. घरी योरुबा व इग्बो अशा दोन्ही परंपरा. ब्रिटनमध्ये इतर नोकऱ्या करता करता त्या घरी स्वयंपाक करून लोकांना जेवू घालत. पाकशास्त्राचे रीतसर शिक्षण नाही. २०१९ मध्ये ब्रिक्स्टन येथील एक हौशी स्पर्धा त्यांनी जिंकली, २०२० मध्ये 'चिशुरू' हे छोटे उपाहारगृह उघडले, २०२३ मध्ये ते मध्य लंडनमध्ये नेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. ब्रिटनमध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांच्या पानात हौसांचे 'सिनासिर' हे आंबवलेल्या तांदळाचे, आपल्या आंबोळीची आठवण करून देणारे धिरडेही आले. तीन प्रदेशांचा संसार एका स्त्रीच्या हातात आपसूक आल्यामुळे हे शक्य झाले. घरगुती आणि व्यावसायिक स्वयंपाक यांतील जी भिंत पाश्चात्त्य पाकव्यवसायाने पुरुषांच्या सोयीने बांधली आहे, ती येथे कोसळलेली दिसते. अर्थात तारांकित उपाहारगृहाचे दर पेकममध्ये राहणाऱ्या सफाई कामगाराला किंवा परिचारिकेला परवडणारे नसतात. पूर्वी ज्यांच्यासाठी ही चूल पेटली, ते लोक आता तिच्यापासून दूर बसले आहेत काय, हा प्रश्न या यशाबरोबरच विचारला पाहिजे.

परदेशी राहून रांधण्याचा सर्वांत जुना अध्याय मात्र ब्राझीलमधील आहे आणि तो स्थलांतराचा नव्हे, गुलामगिरीचा आहे. योरुबा घरांतील चवळीचे वडे, म्हणजे 'अकारा', बाहिया प्रांतात गुलाम म्हणून नेलेल्या स्त्रियांनी पाम तेलात तळून रस्त्यावर विकले. तेथे त्यांना 'अकाराजे' म्हणतात. या विक्रेत्या स्त्रियांच्या परंपरेला ब्राझीलने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले. २०१४ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या आधी साल्वाडोरच्या मैदानाजवळ अकाराजे विकण्याचा हक्क राखण्यासाठी त्यांना पुन्हा झगडावे लागले. एक पदार्थ दीड-दोन शतके परक्या भूमीत टिकतो, इतका की तेथील सरकार त्याला आपला म्हणते. त्याच पदार्थाचा मूळ जिन्नस नायजेरियातून युरोपात नेणे मात्र अवघड झाले. जून २०१५ मध्ये युरोपीय संघाने डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचे अंश सापडल्यामुळे नायजेरियातील वाळलेल्या चवळीसह कडधान्याच्या बियांची आयात स्थगित केली आणि ती स्थगिती पुढे वेळोवेळी वाढवली. साठवणुकीत कीड लागू नये म्हणून व्यापारी हे रसायन वापरतात. चवळी जेथे प्रथम पिकवली गेली त्या भूमीची चवळी वर्ज्य ठरली आणि त्या वर्षांत माद्रिद किंवा बर्लिनमधील नायजेरियन घरात मोई मोईसाठी रात्री भिजत घातलेले दाणे दुसऱ्याच कुठल्या देशातून आलेले असत.